खुल्या जागा कोणाच्या?

प्रवेशाची यादी लागली की अनेक घरांत ऐकू येतं, ‘एवढ्या जागा त्यांच्या, उरलेल्या आपल्या.’ यातला दुसरा भाग साफ चुकीचा आहे. खुल्या जागा कोणत्याच जातीच्या नसतात. ओबीसी किंवा दलित मुलगी स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेवर आली, तर ती राखीव कोट्यात मोजलीच जात नाही. मध्य प्रदेशात सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एमबीबीएसच्या काही जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या खुल्या जागा राखीव प्रवर्गातल्या गुणवंतांना नाकारल्या गेल्या आणि त्यांच्याहून कमी गुणांची मुलं तिथे बसली. ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं.

ओबीसींमुळे केंद्रीय संस्थांतल्या खुल्या जागा घटल्या, हेही खरं नाही. २७ टक्के आरक्षण देणाऱ्या २००६च्या कायद्यातच, खुल्या जागा आधीपेक्षा कमी होऊ नयेत म्हणून एकूण जागा वाढवण्याची तरतूद आहे.

‘कोट्यातला डॉक्टर’ हा शब्दप्रयोग तर सरळ अन्याय आहे. नीटच्या पात्रतेत सवलत असते: खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल, एससी-एसटी-ओबीसींना ४०. ती प्रवेशापुरती. पुढे विद्यापीठाच्या लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांत उत्तीर्ण होण्याचे निकष सगळ्यांना सारखेच. आणि ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं’ असं म्हणतात, ती मुदत? ती राज्यघटनेच्या कलम ३३४मध्ये होती, फक्त लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांसाठी. शिक्षणाशी तिचा संबंध नाही.

आरक्षणाचा लाभ सुखवस्तूच घेतात, या आक्षेपाची मात्र तपासणी व्हायलाच हवी. बर्ट्रांड, हॅना आणि मुल्लईनाथन या अभ्यासकांनी एका राज्यातले इंजिनिअरिंग प्रवेश तपासले. २०१०च्या त्यांच्या निबंधानुसार, आरक्षणातून आलेली मुलं जागा हुकलेल्यांपेक्षा गरीब घरांतली होती. पण मुलींची संख्या घटली होती, आणि ही बाब गंभीर आहे. महाराष्ट्रात प्रवर्गांतर्गत मुलींना ३० टक्के जागा ठेवतात, त्या म्हणूनच मोलाच्या.

सर्वांत कमी बोललं जातं ते ईडब्ल्यूएसबद्दल. नावात ‘आर्थिक दुर्बल’ असलं तरी तो १० टक्के कोटा सगळ्या गरिबांचा नाही. एससी, एसटी आणि ओबीसी घरातला मुलगा कितीही गरीब असो, त्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा कोटा तीन विरुद्ध दोन मतांनी टिकला. न्यायमूर्ती रवींद्र भट आणि तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांचा विरोध गरिबांना मदत करण्याला नव्हता, गरिबांतल्याच काहींना जातीवरून वगळण्याला होता.