बहुभाषिक एसईओ : भाषांची आवड असणाऱ्या मुलांसाठी करिअर



"मराठी चांगलं आहे पोराचं, पण त्याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न दहावीनंतर घरोघरी विचारला जातो. त्याचं एक उत्तर आज पाहूया.

एसईओ म्हणजे काय?

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे गुगलसारख्या ठिकाणी शोधणाऱ्याला आपलं पान सापडेल अशी त्याची मांडणी करणे. हेच काम एकापेक्षा जास्त भाषांत केलं की ते बहुभाषिक एसईओ. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सुमारे 8.3 कोटी लोक आहेत. त्यांच्या भाषेत माहिती पोहोचवायला माणसं लागणारच.

रायगडच्या मुरुडचंच उदाहरण घ्या. इथे घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी अनेक कुटुंबं आहेत. पर्यटक त्यांना शोधतात कसे? कोणी "मुरुडला राहण्याची सोय" लिहितो, कोणी "मुरुड में ठहरने की जगह", तर कोणी "मुरुड होमस्टे". कित्येक जण मराठीच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. गरज एक, शब्द चार!

कोणती कौशल्ये लागतात?

1. शोधणाऱ्याचे शब्द ओळखणे. आपण "निवास व्यवस्था" लिहितो, लोक "राहायची सोय" शोधतात. गुगल ट्रेंड्स आणि सर्च कन्सोल ही मोफत साधने असे शब्द शोधायला मदत करतात.

2. दोन्ही भाषांची खरी जाण. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. 'राजीनामा' हिंदीत समझोता, मराठीत पदत्याग. लिपी एकच असली तरी अर्थ वेगळा. म्हणून यंत्राने केलेलं भाषांतर तपासणारा माणूस हवाच.

3. भूगोल आणि संदर्भ. मुरुड एकच नाही. एक रायगडमध्ये, एक रत्नागिरीत दापोलीजवळ (महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं ते), एक लातूर जिल्ह्यात. शिवाय कोणी मुरुड लिहितं, कोणी मुरूड. पानावर जिल्हा, तालुका आणि जवळची खूण, म्हणजे जंजिरा किंवा राजपुरी, स्पष्ट लिहिली की गोंधळ टळतो.

4. थोडं तंत्रज्ञान. युनिकोडमध्ये टंकलेखन, एचटीएमएलची तोंडओळख आणि 'एचरेफलँग' ही खूण. गुगलने ती 2011 मध्ये आणली. एकाच पानाची मराठी, हिंदी, इंग्रजी रूपं कोणती, हे ती सर्च इंजिनला सांगते. प्रत्येक भाषेचा पत्ता वेगळा ठेवावा लागतो.

5. आकडे वाचणे. पान किती जणांना दिसलं, किती जणांनी उघडलं? टक्केवारी येणाऱ्या मुलाला हे अवघड नाही.

6. खरेपणा. पावसाळ्यात जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. मराठी पानावर ही सूचना आहे आणि हिंदी पानावर नाही, तर लांबून आलेलं कुटुंब धक्क्यावरून परत जाईल. एका भाषेत बदल केला की सगळ्या भाषांत करायचा, ही शिस्त फार महत्त्वाची.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

"पहिल्या क्रमांकाची हमी" देणाऱ्या महागड्या कोर्सपासून सावध राहा. क्रमांक सर्च इंजिन ठरवतं, त्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. साधनं बदलत राहतात, भाषेची समज मात्र कायम उपयोगी पडते. मुलाला आधी एखादं छोटं काम करून पाहू द्या. ओळखीच्या खाणावळीचं किंवा दुकानाचं एक पान दोन भाषांत तयार करणं, हाच उत्तम सराव.

वर्गासाठी उपक्रम

मुरुड तालुक्यातल्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलली जाते. आपल्या वर्गातही घरी आगरी, कोळी, उर्दू, हिंदी बोलणारी मुलं असतील. फळ्यावर एकच प्रश्न लिहा : "किल्ल्यावर जायला होडी कधी सुटते?" प्रत्येकाने तो आपल्या घरच्या बोलीत, मोबाईलवर जसा लिहील तसा वहीत लिहावा. मग सगळी उत्तरं शेजारी शेजारी मांडा आणि कोणते शब्द बदलले ते मुलांनाच शोधू द्या. एसईओचा पहिला धडा इथेच होऊन जाईल.