भूमिगत ठेवा : दायमाबादचा बोध

वाशीम म्हणजे वाकाटकांचे प्राचीन वत्सगुल्म. येथे नांगरताना वा विहीर खोदताना जुनी वस्तू हाती लागणे नवलाचे नाही. अशा वेळी काय करावे, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबादच्या उदाहरणावरून उमजते.

प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली सरपणासाठी झुडपाची मुळे खणताना एका भिल्ल ग्रामस्थास चार भरीव कांस्यप्रतिमा सापडल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. हा ठेवा पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आला. त्यातील प्रतिमा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केल्या आहेत.

मात्र या प्रतिमा तज्ज्ञांच्या देखत मातीतून निघाल्या नाहीत. अनेक अभ्यासक त्या उत्तर-हडप्पाकालीन मानतात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी त्याविषयी शंका घेतली. वस्तू कोणत्या थरात, कशासोबत होती, यावरच तिचा काळ ठरतो. ती हलविली की तो पुरावा कायमचा नष्ट होतो.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. या अधिनियमाखाली शासनाने ठेवा संपादन केल्यास धातूचे मूल्य व त्याचा एक-पंचमांश इतकी अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे. माहिती दडविणे हा दंडनीय अपराध होय.

म्हणून वस्तू घासू नये, वाटून घेऊ नये. खोदकाम थांबवून जागा राखावी व तहसील कार्यालयास त्वरित कळवावे. ही माहिती ग्रामसभेत व शाळेत अवश्य सांगावी.