डंपर नसलेला रस्ता

आमच्या शाळेत सहावी-सातवीपर्यंत सायकलवरून येणाऱ्या मुली बऱ्याच दिसतात. आठवीत त्या कमी होतात, दहावीत एखादीच उरते. बाहेरचे लोक याचे कारण आपल्या मनाने ठरवून टाकतात: मुस्लिम घर, परदा, दुसरे काय असणार? पण पालकसभेला आलेल्या आयांशी निवांत बोलले की वेगळेच ऐकायला मिळते. "सर, परदा करून पण सायकल चालते. पण तो डंपर थांबतो का?"

हा प्रश्न खरा आहे. भिवंडीची गोदामे, शीळ रस्त्यावरची अवजड वाहने, कल्याणच्या पुलांवरची कोंडी हे सगळे रोज पाहणारी आई मुलीला रस्त्यावर सोडायला कचरते, यात तिचा मागासलेपणा कुठे आला? मुलगा मात्र त्याच रस्त्यावरून जातो, कारण त्याच्याबाबतीत घर धोका पत्करते. म्हणजे रस्ता वाईट झाला की पहिली सायकल सुटते ती मुलीची.

गाड्या नसतील तर काय होते, हे पाहायचे असेल तर फ्रान्समधल्या नद्यांकडे पाहावे. लोआर ही तिथली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी अधिक. तिच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकल मार्ग आखलेला आहे. तोच पुढे अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या मोठ्या युरोपीय मार्गाचा भाग होतो. त्यावर शर्यतवाले असतात तसे आजी-आजोबा असतात, मागे छोटी गाडी जोडून तीत बाळ बसवलेल्या आया असतात. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर जायचे, गावात मुक्काम करायचा, सकाळी पुढे निघायचे.

आम्हाला यात सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळी आहे. हे मार्ग करायला त्यांनी बहुतेक ठिकाणी नवी जमीन घेतली नाही. लोआरला पूर येतात म्हणून शेकडो वर्षांपूर्वी काठाला मातीचे बांध घातले होते. त्या बांधांवरून आता सायकली जातात. कालव्यांच्या कडेला घोड्यांनी दोराने नावा ओढून नेण्याच्या वाटा होत्या. दक्षिणेतला मिदी कालवा १६८१ मध्ये खुला झाला, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा. घोडे गेले, वाटा राहिल्या. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून त्यांचेही तसेच केले. नावा आणि आगगाड्यांसाठी केलेल्या वाटांना चढ बेताचाच, म्हणून लहान मुलांचेही पाय दुखत नाहीत. आणि जिथे असा पट्टा मिळाला नाही तिथे मार्ग सरळ गावातल्या कमी रहदारीच्या रस्त्यावरून नेला. पूर्ण मार्ग वाहनमुक्त आहे असे नाही. अवजड वाहन तेवढे वाटेत येत नाही.

आता आपल्याकडे. उल्हास, काळू, भातसा या तीन नद्या कल्याणच्या आसपास एकमेकींना मिळतात. कल्याणचे बंदर इतके जुने की पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत त्याचे नाव आहे. पण आज डोंबिवली-कल्याणच्या किती मुलांनी ही नदी पुलावरच्या लोकलच्या खिडकीतून सोडून कुठून पाहिली आहे? वालधुनीला तर मुले नालाच म्हणतात. ज्या नदीकाठी कोणी फिरायला जात नाही, तिची अशी गत होते.

आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि शेजारची दोन कुटुंबे, असे थंडीच्या दिवसांत रविवारी फजरनंतर निघतो. टिटवाळ्यापर्यंतचा रस्ता उजाडायच्या सुमारास उरकून घ्यायचा. पुढे काळू नदी ओलांडली की रुंदे, फळेगावकडे जाणारा गावचा रस्ता लागतो. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली, एखादा ट्रॅक्टर, भाजीचा टेम्पो, एवढीच वर्दळ. भातकापणी झालेली शेते, वालाचा हिरवा पट्टा, नदीवर बगळे. इथे आमची नववीतली मुलगी पुढे जाते आणि आम्ही तिला हाक मारून मागे बोलावत नाही. घराजवळच्या रस्त्यावर हे शक्य नाही. ठाण्याची मंडळी येऊरला जातात. तिथे झाडी सुरेख आहे, पण चढ लहान मुलांना झेपत नाही आणि सुट्टीच्या दिवशी मोटारी कमी नसतात.

तयारी फार लागत नाही. गिअरची महागडी सायकल नसली तरी चालते, जुनी घेऊन नीट करून घ्यावी. आदल्या दिवशी हवा भरावी, ब्रेक पाहावेत, चेनला तेल द्यावे. सलवारचा पायचा रबराने बांधावा. ओढणी मोकळी सोडू नये, चाकात अडकते. हिजाब पिनांनी नीट बसवला की वाऱ्याने हलत नाही. बुरखा घालणाऱ्या भगिनींनी तो पायघोळ न ठेवता शिवून घ्यावा किंवा चेनला झाकण असलेली लेडीज सायकल वापरावी. पाणी, खजूर, उकडलेली अंडी, पंक्चरचे सामान. बस.

आता कोणी म्हणेल, मग नदीकाठी सरळ सायकल ट्रॅकच बांधा ना! इथे आम्ही थोडे सावध आहोत. पवईला तलावाच्या कडेने असा ट्रॅक बांधायला घेतला आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितला, कारण त्यासाठी तलावातच भर पडत होती. ठाण्याच्या वेशीवरच्या मुलुंडपासून शीवपर्यंत तानसाच्या जलवाहिनीलगत ३९ किलोमीटरचा मार्ग मुंबई महापालिकेने आखला. कल्पना फ्रान्ससारखीच: जुन्या कामाचा पट्टा, त्याचा नवा उपयोग. पण तो पट्टा मोकळा करताना, न्यायालयाच्या आदेशावरून, झोपड्या हटल्या आणि त्यातली कित्येक कुटुंबे माहुलला गेली, जिथल्या हवेबद्दल त्यांना पुन्हा न्यायालयात जावे लागले. कोणाचे घर उठले त्या जागेवरून मुलांना सायकल फिरवायला न्यायचे, हे आमच्या मनाला पटत नाही. पाणी बुजवूनही नको.

आम्हाला हवे ते याहून स्वस्त आहे. गावरस्ते आहेतच, त्यांवर रविवारी सकाळी सहा ते नऊ अवजड वाहने नकोत. शाळांच्या आसपासच्या रस्त्यांवर शाळा भरताना आणि सुटताना तसेच. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली, हे अभ्यासातून दिसले आहे. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. सायकल सरकार देते, मग ती चालवायचा रस्ताही त्यानेच राखावा, एवढे मागणे गैर नाही. पालकसभेतल्या त्या आयांच्या सह्या घेऊन आम्ही असा अर्ज तयार केला आहे. नगरसेवकाकडे आणि वाहतूक पोलिसांकडे तो द्यायचा आहे. आपल्या मोहल्ल्यातूनही असा अर्ज करता येईल.

निघणाऱ्यांना एक सूचना. पावसाळ्यात हा बेत करू नये. रुंद्याचा पूल पुराच्या पाण्याखाली जातो आणि खडवलीला भातसेत दरवर्षी माणसे बुडतात. ऑक्टोबरअखेर, ऊन उतरले की निघावे. तेव्हाही काठावर बसावे, मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.