चाकूवरील सात ठिपके

आमच्या घरी एक घडीचा चाकू आहे. आजोबांना तो १९४४ साली एका अमेरिकन सैनिकाने दिला, असे आजी सांगे. परवा सहज भिंग धरले, तो पात्याच्या मुळाशी 'केस एक्स एक्स यू. एस. ए.' अशी अक्षरे आणि खाली सात ठिपके!

ही खूण पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डच्या केस कारखान्याची. त्यात 'यू. एस. ए.' आले १९६५ पासून. १९७० साली खाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली. मात्र तेव्हा 'एस' हे अक्षर विजेसारखे वाकडे केले. आमचा 'एस' साधा. म्हणजे साल १९७३.

मागे ६२५४ हा आकडा. सहा म्हणजे हाडाची मूठ, दोन म्हणजे दोन पाती, चोपन्न हा नमुन्याचा क्रमांक. (हाडाचे कळताच आईने चाकू स्वयंपाकघरातून हद्दपार केला!)

पण आजोबा तर १९६९ सालीच वारले. बोटीवर नोकरी केलेल्या काकांना मी ठिपके दाखवले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "मूळचा माझ्या हातून समुद्रात पडला रे. आईला सांगवेना. तसाच दिसणारा शोधून आणला."