फ्लॅटमधली प्रवाळाची टाकी सांभाळताना

वाकड, पुनावळे, मारुंजी, माण या भागातल्या आपल्या गटांतल्या कितीतरी जणी रोज सकाळी सोसायट्यांमध्ये घरकामाला जातात. झाडूपोछा, भांडी, पोळ्या या कामांत काही घरी आता एक नवं काम आलंय. "ताई, आम्ही दहा दिवस गावाला चाललोय, तेवढं माशांच्या टाकीकडे बघा." टाकी गोड्या पाण्याची असेल तर फारसं अडत नाही. पण ती खाऱ्या पाण्याची असेल आणि तिच्यात प्रवाळ असेल, तर काम नाजूक आहे. महागडं प्रवाळ मेलं की बोट आपल्याकडेच दाखवलं जातं. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

अंगठीतलं पोवळं आपल्याला माहीत आहे. तेही एका प्रवाळाचंच. प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही. एकमेकांना चिकटून राहणारे बारीक बारीक प्राणी आहेत ते. टाकीत ठेवतात त्यातल्या बऱ्याच प्रवाळांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला देतं. म्हणून टाकीचा दिवा ठरलेल्या वेळी लागायला आणि बंद व्हायला हवा. पाणी फार तापलं की हे शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. ते लगेच मेलेलं नसतं, पण उपाशी पडलेलं असतं. मालवणच्या समुद्रातही असं पांढरं पडलेलं प्रवाळ अभ्यासकांनी पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट, पाणी. आमटी आटली की खारट होते ना? टाकीचंही तेच. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 200 लिटरच्या टाकीत 7 किलो. रोज 3 लिटर पाणी उडालं आणि कुणी भर घातली नाही, तर दहा दिवसांनी 170 लिटर पाण्यात तेच 7 किलो राहतं. खारटपणा 41 ग्रॅमवर जातो. उलट, भर खाऱ्या पाण्याची घातली, तर दहा दिवसांत एक किलोच्या वर जादा मीठ टाकीत पडतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच, तीही आरओच्या, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. काचेवर खूण करून घ्या आणि रोज तेवढंच भरा, हळूहळू. स्वयंपाकाचं मीठ कधीही टाकू नका. टाकीचं मीठ वेगळं मिळतं.

आणि हो, पाणी ओतायला तांब्या-पितळेचं भांडं नको. तांबं आपल्याला पवित्र, पण प्रवाळाला आणि टाकीतल्या कोळंबीला ते विष आहे. साबणाची बादलीही नको. टाकीची बादली वेगळी ठेवायला सांगा. फिनेल, डासांचा फवारा, अत्तर टाकीच्या जवळ नको. हात साध्या पाण्याने खळखळून धुतलेले असावेत.

पाणी 24 ते 27 अंशांच्या आसपास बरं. एप्रिलमध्ये घर बंद, एसी बंद, त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की पाणी तापतं आणि पंपही थांबतो. आमच्या ओळखीच्या एका ताईचा पगार याच कारणाने कापला गेला. वीज काही तिने घालवली नव्हती! पाण्यावर छोटा पंखा लावला तर माठासारखं पाणी गार राहतं, फक्त भर जास्त घालावी लागते. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असायलाच हवा.

खाणं जास्त पडलं की कुजतं आणि पाणी नासतं. रोजच्या खाण्याच्या पुड्या मालकिणीकडून आधीच बांधून घ्या.

स्वतःला जपा. टाकीत हात घालण्याआधी विजेची बटणं बंद करा. झोअँथिड नावाची बटणासारखी दिसणारी प्रवाळाची भावंडं असतात. त्यातल्या काहींत जबरदस्त विष असतं. त्यांना उघड्या हाताने शिवू नका. ती असलेला दगड घासू नका, त्यावर उकळतं पाणी तर मुळीच ओतू नका. त्या वाफेने माणसं आजारी पडलेली आहेत.

एखादीला कुणी म्हणेल, "मालवणला जाताय तर दोन तुकडे आणा." नाही म्हणा. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडासारखं कडक प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याने वाघासारखंच संरक्षित आहे. काढणं, विकणं, दोन्ही गुन्हा.

आमच्या मते हे काम फुकटात करू नये. आधी मोबदला ठरवा, टाकीचा फोटो काढून पाठवा, आणि वीज गेल्यास कुणाला फोन करायचा तो नंबर टाकीशेजारी लिहून घ्या. बाईंना सांगा, रोज भर घातल्यावर आम्ही एक फोटो पाठवू.