लोकलमधील बुडबुडा

अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारी धिमी लोकल सुटते आणि कडी न धरता उभे असलेले प्रवासी मागे झुकतात. असे का होते, याचे उत्तर नववीचा विद्यार्थी चटकन देतो : जडत्वामुळे. परंतु त्याच डब्यात पाण्याची बाटली जे दाखवते, त्याचे उत्तर इतके चटकन येत नाही.

पारदर्शक बाटली जवळजवळ काठोकाठ भरावी. झाकण घट्ट लावल्यावर आत हवेचा लहानसा बुडबुडा राहील. बाकावर बसून, गाडी उभी असताना, बाटली रुळांच्या दिशेने आडवी धरावी व बुडबुडा मधोमध आणावा. आता विद्यार्थ्यांना विचारावे : गाडी सुटल्यावर बुडबुडा कुठे जाईल? अनेकजण ‘मागे’ म्हणतील. प्रत्यक्षात तो पुढे सरकतो!

माणसे मागे आणि बुडबुडा पुढे, असे का? जडत्व पाण्यालाही आहेच. गाडीचा वेग वाढताना पाणी मागे राहू पाहते, म्हणून बाटलीच्या मागच्या टोकाशी पाण्याचा दाब वाढतो आणि पुढच्या टोकाशी कमी असतो. दाबातील हा फरक बुडबुड्याला पुढे ढकलतो. हवेची घनता पाण्यापेक्षा फारच कमी असल्याने बुडबुडा पाण्याला मागे टाकून पुढे जातो. पाण्यातून तो वर येतो, त्याचेही कारण दाबातील फरक हेच.

समजा, गाडीने 20 सेकंदांत ताशी 36 कि.मी. म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेग घेतला. त्वरण झाले 0.5 मी./से.², गुरुत्वत्वरणाच्या सुमारे विसावा भाग. उभ्या गाडीत बाटलीचे पुढचे टोक सुमारे 3 अंश वर उचलले असता बुडबुडा जसा सरकेल, तसाच तो येथे सरकतो.

पुढे वेग स्थिर झाला, की बुडबुडा उभ्या गाडीत वागत होता तसाच वागू लागतो. गाडी धावते आहे, हे त्याला ‘कळत’ नाही. कळतो तो वेगातील बदल. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेल्या पहिल्या नियमाचा हाच अर्थ आहे. बोरिवली आल्यावर ब्रेक लागतो, प्रवासी पुढे झुकतात आणि बुडबुडा मागे जातो.

गाडी पुरती थांबण्यापूर्वीच काहीजण उड्या मारतात. ‘वेग कितीसा होता?’ असे ते म्हणतात. ताशी 18 कि.मी. धरू, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. सुमारे सव्वा मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर येताना एवढाच वेग असतो. फलाटाला टेकताच पाय थांबतात, पण धड त्याच वेगाने पुढे जाते. 60 किलोग्रॅमचे शरीर 0.1 सेकंदात थांबवायचे, तर 3000 न्यूटन बल लागते, म्हणजे त्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट. ते बल फलाट देतो, आणि ते गुडघ्यांवर किंवा डोक्यावर येते.

25 डिसेंबर 2017 रोजी बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिची दारे गाडी थांबल्यावरच उघडतात. साध्या लोकलचे दार मात्र उघडेच असते. तेथे थांबायचे काम आपले आहे. बुडबुडा सांगतो ते वर्गात शिकवावे, आणि प्रयोग दारात नव्हे, बाकावर बसूनच करावा.