डबा उलटा करून वाचा

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. आलेल्या ड्रमवर कितीही ठसठशीत लेबल असो, नमुना तपासल्याशिवाय आम्ही माल आत घेत नाही. लेकीच्या दुधाचा डबा मात्र मी नुसता पुढून बघून घरात घेतला होता.

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली आणि पुणे नाक्यावरची सकाळची कंपनीची बस पुन्हा सुरू झाली. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी पावडरचं वरचं दूध सुचवलं. जाऊबाईंनी परदेशातून येताना डबा आणला. त्यावर हिरवं पान आणि मोठ्या अक्षरांत ‘ऑरगॅनिक’. मी निर्धास्त झाले. एका रात्री दूध कालवताना डबा उलटा केला, तर घटकांच्या यादीत दुधाच्या पाठोपाठ माल्टोडेक्स्ट्रिन.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेली असते. जे जास्त, ते आधी. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर. ते फारसं गोड लागत नाही आणि तक्त्यातल्या ‘साखर’ या आकड्यात धरलं जात नाही, पण पोटात त्याचं ग्लुकोज झटपट होतं. बाळाच्या पावडरीत ते घालायला परवानगी आहे. मला खटकलं ते एवढंच, की पान बघून मी यादी वाचलीच नव्हती.

दुधातला सगळा गोडवा वाईट नसतो. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधात पावणेपाचच्या आसपास. म्हणून पावडरीत लॅक्टोज वरून घालतात आणि ते योग्यच आहे. सुक्रोज म्हणजे आपली चहातली साखर. ती लॅक्टोजपेक्षा कितीतरी गोड. ती दात किडवते आणि जिभेला गोडाची चटक लावते. आपल्या २०२० च्या नियमांनुसार बाळाच्या पावडरीत लॅक्टोजला पसंती आहे. सुक्रोज-फ्रुक्टोज गरज असेल तरच, आणि तेही एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांच्या आत.

‘ऑरगॅनिक’ हा शब्द पीक कसं काढलं ते सांगतो. आमचा सोलापूर जिल्हा उसाचा. शेणखतावर वाढवलेल्या उसाची साखर झाली तरी ती साखरच. अमेरिकेत २००८ साली ‘सिमिलॅक ऑरगॅनिक’ या पावडरीत उसाची साखर असल्यावरून चर्चा झाली होती. तीही ऑरगॅनिकच होती.

सहा महिन्यांनंतरच्या वरच्या अन्नातही तेच. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेनं भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या वाढपात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर असल्याचं मांडलं. त्याच कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या मुख्य उत्पादनांत ती नव्हती. आपण भारतातले नियम पाळतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिनं रिफाइंड साखर न घातलेले प्रकार जाहीर केले.

२.७ ग्रॅम म्हणजे किती, ते बघायला मी कँटीनमधली साखर प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलली. कागदावर पाऊण चमच्याचीही ढिगली झाली नाही. मग हिशेब मांडला. सात किलोच्या बाळाला एवढी साखर म्हणजे साठ किलोच्या मला २३ ग्रॅम, जवळपास सहा चमचे. आणि तेही एकाच वाटीत.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, साखर नसेल तर पोर तोंड तरी लावेल का?” मी म्हटलं, “आई, तिनं अजून साखर चाखलीच नाही, तिला उणीव कशाची भासेल?” दुसऱ्या दिवशी त्यांनीच मुगाची मऊ खिचडी कालवली. लेकीनं दोन घास थुंकले, तिसरा गिळला.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे. आईचं दूधच उत्तम, हे लिहावं लागतं. पण हिरवं पान बघूनही आईचं मन विरघळतं. म्हणून मागची बाजू वाचायची. सुक्रोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, फ्रुक्टोज ही नावं लक्षात ठेवायची. मात्र घाबरून पावडर परस्पर बंद करायची नाही की जास्त पाणी घालून पातळ करायची नाही. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

आता बसमध्ये कुणी नवी आई मोबाइलवर डब्याचा फोटो दाखवते, तेव्हा मी तिला सांगते, “पुढचा नको गं, मागचा दाखव.”